सोमवारी न उठणारी सर्व्हिस

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी आज एक मुलगी आणून माझ्या टेबलापुढे उभी केली. ही झीनत, इंजिनिअर आहे, पुण्याची नोकरी सोडून घरी आलीय, आजपासून कॉम्प्युटरचं तुमच्याबरोबर हीसुद्धा बघेल. 'बरोबर' म्हणे. लॅब या इमारतीत आली तेव्हापासून सगळं मी एकटी ओढतेय, तेव्हा बरोबर कुणी लागलं नव्हतं.

मी हसून या, बसा म्हटलं. सव्वीस-सत्तावीसची असेल. डोक्यावर ओढणी, पायात धावायचे बूट, आणि बोलणं इतकं मऊ की रागवायला जागाच सापडत नाही. अशी माणसं मला मुळात आवडत नाहीत.

पहिल्याच दिवशी तिनं नको तिथं बोट ठेवलं. सकाळी सर्व्हिस आपोआप का सुरू होत नाही, म्हणून विचारलं. मग बसून समजावलं तिला. कुंभारी, श्रीपूर आणि कुर्डुवाडीच्या केंद्रांवर घेतलेलं रक्त आपल्याकडे येतं आणि आपले रिपोर्ट त्यांच्या कॉम्प्युटरवर जातात. ते पोचवणारी सर्व्हिस सर्व्हरबरोबर उठायला हवी, पण उठत नाही. शेजारच्या टॉवेलच्या गोदामाला आग लागल्यापासून आप्पांचा, म्हणजे डॉक्टरांच्या वडिलांचा हुकूम आहे की रात्री फ्रिजची लाईन सोडून सगळं मेन स्विचला बंद. सकाळी आमचा शिपाई निंगप्पा येऊन मेन चालू करतो, सर्व्हरचं बटण दाबतो. सर्व्हर उठतो, सर्व्हिस झोपून राहते. मग मी येते, पासवर्ड घालते, कमांड देते आणि ती उठते. सोमवारी जरा जास्त रुसते, दोनतीनदा उठवावी लागते. कंपनीचा माणूस पुण्याहून येऊन गेला. तो यायचा भर दुपारी, बंद करून चालू करायचा, आणि तेव्हा ही शहाण्यासारखी उठायची. शेवटी तोच म्हणाला, मॅडम, हिला तुमच्या हाताची सवय झालीय.

यावर सगळे हसतात. झीनत हसली नाही. "सोमवारीच का, मॅडम?" एवढंच विचारलं तिनं. आता सोमवारीच का, हे मी मशीनला विचारायचं का?

घरी आले तर हे म्हणाले, बरं झालं, तुझ्या मदतीला कुणीतरी आलं. मी तर अजून चप्पलही काढली नव्हती. निंगप्पा आणि हे एकाच टपरीवर चहा पितात, तिथूनच बातमी फुटली असणार.

५ नोव्हेंबर

देवयानीचा फोन. नववा चालू आहे, पाय सुजतात म्हणाली. मी म्हटलं सोलापूरला ये, अजून वेळ गेलेली नाही. नको म्हणाली. "इथं आई दिवसभर घरात असतात." आई म्हणजे तिच्या सासूबाई. कुर्डुवाडीला गेल्यापासून त्या आई झाल्या आणि मी नुसती फोनवरची.

जावई अनीश रेल्वेत, घर स्टेशनजवळ, दवाखाना हाकेवर, हे सगळं मला मान्य आहे. पण पहिल्या बाळंतपणाला ती माझ्याकडे होती तेव्हा मी काय कमी केलं? डिंकाचे लाडू केले, शेक-शेगडी केली. सकाळी सर्व्हिस उठवायला जायचे तेवढंच. कळा सुरू झाल्या त्या दिवशीही मी तासाभरासाठीच गेले होते. तेवढ्यात रिक्षा करून हेच तिला घेऊन गेले, त्याला मी काय करणार.

या वेळी येशील ना, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, लॅबमधलं बघून सांगते. "बरं. मशीनला विचारून सांग," म्हणाली आणि फोन ठेवला. मागे विहीणबाई कशावर तरी हसत होत्या.

७ नोव्हेंबर

ही झीनत माझ्याआधी येते. येऊन काम करावं तर ते नाही. आप्पांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसते आणि त्यांची पूजा संपेपर्यंत हलत नाही.

ऐंशी उलटली तरी आप्पा रोज सकाळी येतात. केबिनमधल्या सिद्धेश्वराच्या फोटोची पूजा करतात, विभूती लावतात, शेवटी बटण दाबून फोटोवरचा बल्ब लावतात आणि घंटा वाजवतात. पूजा होईपर्यंत त्या केबिनमधल्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, डॉक्टरांनीसुद्धा.

आज मी मुद्दाम लवकर गेले. घंटा झाली, आप्पा दारात आले आणि तिला म्हणाले, "बा यव्वा." म्हणजे कानडीत, ये गं पोरी. तिनं ओंजळ पुढे केली, त्यांनी खडीसाखर घातली. तिचं आजोळ अक्कलकोटकडचं, कानडी येतं तिला. दोघं काहीतरी बोलून हसली. माझ्याही हातावर खडीसाखर पडली, पण "घ्या बाई" म्हणून. इतकी वर्षं मी बाई, आणि ही आठवड्यात यव्वा झाली.

निंगप्पाला विचारलं, ही रोज तिथं काय करते. म्हणाला, "काय न्हाय की मॅडम. केबिनमधी त्यो नेटचा डबा हाय नव्हं, आप्पांनी बटण दाबलं की त्याचा हिरवा दिवा कवा लागतोय ते दारातनं बघत बसती." डब्याकडे बघायचा पगार डॉक्टर देतात, असा दिवस आलाय.

लाडीगोडी लावावी तर अशी. मी आल्या आल्या कामाला बसत गेले, बाकावर बसून पुढंपुढं केलं नाही, तेच माझं चुकलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, पासवर्ड झीनतलाही देऊन ठेवा. देते की, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरातल्या देवाची पेटी शेजारणीच्या हातात द्यावी तसं झालं.

पासवर्ड देवयानीच्या नावाचा आहे. तो टाईप करताना ती थांबली. ही तुमची मुलगी ना मॅडम, कुर्डुवाडीची? तारीख कधीची दिलीय? मी म्हटलं, महिनाअखेरची. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. मी काय दूधखुळी नाही. मी कधी नसणार याचाच हिशेब होता तो. मी तिकडे गेले की खुर्ची आयतीच मोकळी.

त्यात आज सोमवार. पहिली कमांड वाया, दुसरी वाया. ही हात मागे बांधून शेजारी उभी, आणि स्क्रीनकडे बघायचं सोडून केबिनच्या दाराकडे बघतेय. सोमवारची पूजा मोठी असते, आप्पांचं रुद्र चालू होतं. श्रीपूरहून दोन फोन येऊन गेले, तिथं माणसं खोळंबली होती. मला घाम फुटला. मग घंटा झाली. "आता द्या, मॅडम," ती हळूच म्हणाली. माझी तिसरी कमांड लागू पडली.

मी द्यायला निघालेच होते. तिनं सांगायची काही गरज नव्हती.

१३ नोव्हेंबर

आज पोचले तर सर्व्हिस चालू. आपणहून. केंद्रांवर रिपोर्ट जायला लागले होते.

मी पर्स हातात धरून तशीच उभी राहिले. आपल्या स्वयंपाकघरात यावं आणि कुणीतरी पोळ्या लाटून, ओटा पुसून ठेवलेला असावा, तसं वाटलं. झीनतला विचारलं. शप्पथ मॅडम, मी हात लावला नाही, म्हणाली. मग काय भुतानं केलं?

निंगप्पाची वेगळीच गोष्ट. आप्पा काल लग्नाला कलबुर्गीला गेलेत. "आप्पा न्हाईत म्हटल्यावर देवाचा दिवा पयला लावला, फूल वाह्यलं, मग सर्व्हर. देवाआदी मशीन कसं लावायचं?" झीनतनं त्याला हे दोनदा सांगायला लावलं आणि एकटीच हसत बसली. दोघांचं काहीतरी संगनमत आहे.

१४ नोव्हेंबर

झालं. तिनं डॉक्टरांपुढे उलगडा करून दाखवला.

नेटची तार रस्त्याकडून आप्पांच्या केबिनच्या खिडकीतून आत येते, म्हणून तो डबा केबिनमध्ये. डबा आणि फोटोवरचा बल्ब एकाच बटणावर, आणि ते बटण रोज रात्री बंद होतं. निंगप्पा आल्या आल्या सर्व्हर चालू करतो, तेव्हा पूजा चालू असते आणि डबा बंद असतो. सर्व्हिस उठून बघते तर बाहेर जायला रस्ताच नाही. ती परत झोपते, आणि एकदा झोपली की आपणहून दुसऱ्यांदा उठायचं तिला कुणी शिकवलेलं नाही. मी पोचेपर्यंत पूजा आटोपलेली असते, डबा चालू झालेला असतो, म्हणून माझ्या कमांडला उठते. सोमवारी पूजा लांबते, म्हणून दोनतीनदा.

म्हणजे माझ्या हाताचा काही संबंध नव्हता. हे तिनं म्हटलं नाही. कुणीच म्हटलं नाही. डॉक्टर नुसते टेबलावर पेन आपटत हसत होते.

ते म्हणाले, सोपं आहे, डबा बाहेर काढू किंवा आप्पांना सांगू, बटण आधी दाबा. झीनत म्हणाली, "नको डॉक्टर. आप्पांची पूजा कशाला हलवायची? मशीनलाच थांबायला शिकवू." सेटिंगमध्ये एक ओळ घालायची, रस्ता येईपर्यंत थांब म्हणून. बस.

हे वाक्य माझ्या तोंडून यायला हवं होतं. इतकी वर्षं ती घंटा मी ऐकतेय. पण देवाच्या खोलीकडे संशयानं बघायचं मला कसं सुचावं? बाहेरून आलेल्यालाच ते सुचतं. मला तिचा राग नाही आला, उगाच खोटं लिहिणार नाही मी. हेवा वाटला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तिनं परीक्षेला मुद्दाम सोमवारच निवडला. सगळे जमलो. निंगप्पानं सर्व्हर चालू केला. मी खुर्चीत, हात मांडीवर. आप्पांचं रुद्र लांबत गेलं तसं मला बरं वाटत होतं. आज फसणार, असं मनात आलं आणि ते मला गोड लागलं. मग बल्ब लागला, घंटा झाली, आणि थोड्या वेळानं सर्व्हिस आपली आपण उठली. कुंभारीचा पहिला रिपोर्ट गेला.

निंगप्पानं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी पेढे मागवले. आप्पांनी पहिला पेढा तिला दिला.

आणि मग मला म्हणाले, म्हणजे डॉक्टर, "ताई, तुम्ही खूप वर्षं सकाळची धावपळ केलीत. आता दहाला या निवांत. सर्व्हरच्या खोलीची किल्ली झीनतकडे राहू दे." निवांत! म्हाताऱ्या बैलाला गोठा दाखवतात तसं. किल्लीला माझा गणपतीचा छल्ला होता, तो काढून घेतला आणि किल्ली दिली.

हे जेवताना म्हणाले, मग आता आठ दिवस आधीच जा की कुर्डुवाडीला, वाट बघतेय पोरगी. मी ताट सारून उठले. सगळ्यांनाच मी इथून हलायला हवी आहे.

१९ नोव्हेंबर

दहाला गेले. माझ्यासाठी काहीही अडलं नव्हतं. चहासुद्धा होऊन गेला होता.

झीनतनं पुन्हा विचारलं, मॅडम, कुर्डुवाडीला कधी निघताय, तिकीट काढून ठेवू का. मी म्हटलं, माझं तिकीट काढायची इतकी घाई का झालीय तुम्हाला? तिचं तोंड उतरलं. थोडा वेळ मला बरं वाटलं, फार वेळ नाही.

२० नोव्हेंबर

झीनत दुपारनंतर लवकर गेली, तिच्या अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. खोलीत मी एकटी. देवयानीच्या नावाचा पासवर्ड घातला, ती सेटिंग उघडली आणि ओळ काढून टाकली. एकच ओळ. सेव्ह केलं.

उद्या सकाळी सर्व्हर उठेल आणि सर्व्हिस झोपून राहील. झीनत चार ठिकाणी शोधेल. मग फोन येईल, मॅडम, उठत नाही, तुम्ही येता का? मी साडी नेसून तयार राहणार आहे. जाईन, बसेन, कमांड देईन. कुणाचं काही बिघडणार नाही. रिपोर्ट तासभर उशिरा जातील, ते काय आधी जात नव्हते?

एकदाच फोन यायला हवा. माझं तेवढंच मागणं आहे.

२१ नोव्हेंबर, गाडीत

अनीशचा फोन उजाडायच्या आत आला. देवयानीला दवाखान्यात हलवलंय, तारखेची वाट बघायला बाळ तयार नाही. यांनी लगेच दोन पिशव्या बाहेर काढल्या. बघते तर एक आधीच भरलेली होती.

रिक्षात बसल्यावर मला ती ओळ आठवली. आज सर्व्हिस उठणार नाही. झीनतला कळणार नाही, कारण ओळ तिथं आहेच असं ती धरून चालणार. तीन केंद्रांवर माणसं उपाशीपोटी रक्त देऊन रिपोर्टासाठी बसतात. मी यांना म्हटलं, रिक्षा लॅबवरून घेऊ, दहा मिनिटांचं काम आहे, निंगप्पाच्या घरून त्याच्याकडची दुसरी किल्ली घेते, पुढच्या गाडीनं जाऊ.

यांनी माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाले, "पद्मजा, मागच्या वेळी रिक्षात मी एकटाच होतो तिच्याबरोबर. ती सारखी मागे वळून बघत होती, तू येतेस का म्हणून." आणि रिक्षावाल्याला म्हणाले, स्टेशन.

हे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं.

फलाटावर मी झीनतला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिनं. मी म्हटलं, झीनत, देवयानीचं अचानक ठरलं, मी कुर्डुवाडीला चाललेय, आणि ती जी ओळ आहे ना... पुढचं तोंडातून येईना. गाडी समोर उभी, हे हात धरून वर ओढतायत.

"ओळ जागेवर आहे, मॅडम," ती म्हणाली. "काल संध्याकाळी घरून बघितलं मी. तुम्ही बसा गाडीत."

आता मोहोळ गेलं. मी मघापासून एकच विचार करतेय. ओळ मी काढली होती, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे तिनं ती परत घातली, आणि तसं म्हणालीसुद्धा नाही. याचा अर्थ ही रोज संध्याकाळी घरी बसून माझ्यामागून सगळं तपासते! हा कुठला प्रकार? माझ्यावर विश्वास नाही म्हणजे. मला राग आला. तो राग धरून ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण माढ्यापर्यंतसुद्धा तो टिकेल असं दिसत नाही.

एक मात्र आहे. तिनं सांगितलंय ना, मग आठाला सर्व्हर लागेल तेव्हा फोन येणार नाही. तरी बघू. मशीनचा भरवसा नसतो.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ, कुर्डुवाडी

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी बाहेरच्या बाकावर असताना आतून तिचा आवाज आला, चांगला खणखणीत.

या वेळी मी होते. देवयानीला आत नेताना तिनं मागे वळून बघितलं आणि मी तिथं होते.

पण खरं लिहायचं तर सगळं लिहावं. बाकावर मी पर्समध्ये हात घालून फोन धरून बसले होते. आठ वाजले. आवाज पूर्ण मोठा आहे का, बघितलं. होता. रेंजही होती. आता निंगप्पानं सर्व्हर लावला असेल, आता आप्पा विभूती लावत असतील, आता घंटा. साडेआठ झाले. फोन वाजला नाही. एकदा वाजल्यासारखा वाटला, तो शेजारच्या बाईंचा होता. आत माझी लेक कळा सोसत होती आणि मी सोलापूरच्या एका डब्यावर जळत होते. नंतर बाळ रडलं तेव्हा मी फोन सोडला.

आम्हाला आत सोडलं तेव्हा बाळ विहीणबाईंच्या हातात होतं. त्या दारालगत बसल्या होत्या, त्यामुळे आधी पोचल्या. टोपडंसुद्धा त्यांनीच घरून आणलेलं, आणि इतकं बरोबर मापाचं की मला बघवेना. मी पायाशी उभी राहिले.

देवयानी माझ्याकडे बघत होती. दमलेली, केस कपाळाला चिकटलेले. हळूच म्हणाली, "आई, आज तुझा फोन वाजला नाही एकदाही."

मी म्हटलं, "बंद ठेवलाय."

डोळे भरून आले तिचे, एक हात काढून तिनं माझं मनगट धरलं. मग सासूबाईंना म्हणाली, "आई, द्या ना हिला माझ्या आईकडे." विहीणबाईंनी लगेच बाळ माझ्या ओंजळीत ठेवलं, वर मानेखाली हात कसा धरायचा तेही सांगितलं. त्यांचं मी ऐकलं.

बाळ गरम होतं, आणि दिसतं त्याहून जड. काखेत पर्स होती, पर्समध्ये फोन चालू होता, आणि मला भीती वाटायला लागली की तो आता वाजेल.

मी बाळाला विहीणबाईंकडे परत दिलं. आलेच म्हटलं, व्हरांड्यात गेले आणि फोन बंद केला.